टेलिस्क्रीन आणि हजेरीपट

जुलै २००९ मधली गोष्ट. अमेरिकेत 'किंडल' या वाचनयंत्रावर अनेकांनी जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके विकत घेतली होती. एके दिवशी ती त्यांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. चौकशी करता कळले, की ज्याने ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. म्हणून अ‍ॅमेझॉन कंपनीने ती दूरवरूनच पुसून टाकली आणि पैसे परत केले. एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी पुस्तकावर टिपणे काढली होती. पुस्तकच गेल्यामुळे ती टिपणे निरुपयोगी झाली. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

पुसल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक होते '१९८४'. या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ ज्या सरकारी खात्यात नोकरी करतो, तिथले कामच जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलण्याचे आहे. नको असलेला कागद भिंतीतल्या भोकात टाकायचा, की तो खालच्या भट्टीत जळून जातो. वाचकांच्या हातातून तेच पुस्तक नाहीसे व्हावे, हा योगायोग मोठा बोलका होता.

पाळत, खासगीपण, संगणक असा विषय निघाला, की शिक्षकखोलीत किंवा वक्तृत्व स्पर्धेत कोणीतरी या कादंबरीचे नाव घेतेच. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या टेहळणीची कागदपत्रे उघड केली, तेव्हाही तिचा खप एकदम वाढला. पाळत मोजण्याची मोजपट्टी म्हणूनच ती वापरली जाते. पण मोजायला लागण्यापूर्वी मोजपट्टी तपासून घ्यावी, असे आपण प्रयोगशाळेत मुलांना सांगतो. तोच नियम इथे लावून पाहावा, असे आम्हाला वाटले. ऑर्वेल यांची पट्टी कुठे बरोबर मोजते आणि कुठे चुकते?

पुस्तकातले यंत्र

ऑर्वेल यांचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. १९२२ ते १९२७ या काळात ऑर्वेल यांनी स्वतः ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून काम केले. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. '१९८४' ही कादंबरी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

कादंबरीतले मुख्य यंत्र म्हणजे टेलिस्क्रीन. भिंतीवरचा हा पडदा चित्र दाखवतो आणि समोरच्या माणसाचे चित्र व आवाज टिपतोही. त्याचा आवाज कमी करता येतो, पण तो बंद करता येत नाही. पडद्यापलीकडे या क्षणी कोणी बघत आहे की नाही, हे अलीकडच्या माणसाला कधीच कळत नाही. म्हणून तो सतत बघितले जात असल्यासारखाच वागतो.

ही कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका गोल तुरुंगाचा आराखडा मांडला होता. मधोमध मनोरा आणि भोवती कोठड्या. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसतील, कैद्यांना मात्र पहारेकरी दिसणार नाही. पहारेकरी थोडे असले तरी धाक सर्वांवर राहतो.

या बाबतीत पट्टी अगदी बरोबर आहे. पर्यवेक्षक वर्गात असो वा नसो, तो दाराच्या काचेतून डोकावू शकतो एवढे माहीत असले तरी मुले निराळी वागतात. शिक्षकही निराळे वागतात. हे सांगायला संशोधन लागत नाही.

पाहणाऱ्यांचे गणित

आता थोडे गणित करू. समजा शहरात १ लाख पडदे आहेत आणि एक माणूस एका वेळी १० पडद्यांवर लक्ष ठेवू शकतो. म्हणजे १०,००० माणसे हवीत. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर ३०,०००. शिवाय या ३०,००० जणांवर लक्ष कोण ठेवणार? ऑर्वेल यांच्या यंत्राला माणसांचे इंधन लागते आणि ते फार महाग पडते.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा 'श्टाझी' १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पूर्णवेळ नोकर बाळगून होती. देशाची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ६० लाख. म्हणजे दर पावणेदोनशे माणसांमागे एक नोकर, आणि त्यात दीड लाखाहून अधिक खबरे वेगळेच. त्यांनी जमवलेल्या फायली एका ओळीत लावल्या तर १०० किलोमीटरांहून लांब भरतात. इतके करूनही बहुतेक माणसांचे बहुतेक बोलणे कोणाच्याच कानी पडत नव्हते.

आज काय स्थिती आहे? फोनवरचे बोलणे साठवायला सेकंदाला ८,००० बिट पुरतात. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १,००० बाइट आणि तासाला ३६ लाख बाइट, म्हणजे ३.६ मेगाबाइट. एखादा माणूस दिवसाला चार तास बोलतो असे धरू. वर्षाला सुमारे ५,२५६ मेगाबाइट, म्हणजे सव्वापाच गिगाबाइट होतात. नखाएवढ्या ६४ गिगाबाइटच्या कार्डावर त्याचे बारा वर्षांचे बोलणे मावेल. ते ऐकायलाही आता माणूसच लागतो असे नाही. शब्द ओळखण्याचे काम संगणक करतो.

इथे कादंबरीची पट्टी पहिल्यांदा चुकते. तिच्यात पाळतीला खर्चाची मर्यादा आहे, त्यामुळे कोणावर पाळत ठेवायची हे निवडावे लागते. आपल्या काळात ती मर्यादाच जवळजवळ गळून पडली. आधी सर्वांचे साठवून ठेवायचे आणि गरज पडेल तेव्हा उघडून पाहायचे, हा क्रम आता परवडतो.

बोलण्यावाचूनही कळते

दुसरी चूक याहून महत्त्वाची. टेलिस्क्रीन चेहरा पाहतो आणि बोलणे ऐकतो. स्नोडेन यांनी उघड केलेल्या पहिल्या कागदात मात्र बोलणे मागितलेलेच नव्हते. एका दूरध्वनी कंपनीने आपल्या ग्राहकांनी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला एवढ्याच नोंदी रोज द्याव्यात, असा तो आदेश होता. (अशा सरसकट संकलनाला अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून आळा घातला.) तेव्हा समर्थक म्हणत होते, "आम्ही कोणाचे बोलणे ऐकत नाही."

पण विचार करून पाहा. एका माणसाने सकाळी कर्करोग रुग्णालयाला फोन केला, लगेच गावाकडच्या भावाला केला, दुपारी विमा कंपनीला आणि संध्याकाळी एका सावकाराला. एक शब्दही न ऐकता त्या घरावर काय ओढवले आहे ते आपल्याला कळले.

"आम्ही नावे काढून टाकतो," हे दुसरे आश्वासन. तेही तपासू. जन्मतारीख, लिंग आणि गाव एवढ्या तीनच गोष्टी घ्या. वर्षाचे ३६५ दिवस, वय ८० वर्षांपर्यंत आणि लिंगे दोन धरली, तर ३६५ × ८० × २ = ५८,४०० कप्पे होतात. ५,००० वस्तीच्या गावातली माणसे या कप्प्यांत सारखी विखुरली आहेत असे मानले, तर १०० पैकी सुमारे ९२ जण आपापल्या कप्प्यात एकटेच सापडतात. (वयांची विभागणी प्रत्यक्षात सारखी नसते, त्यामुळे आकडा थोडा बदलेल, निष्कर्ष बदलणार नाही.) नाव काढले तरी माणूस सापडतोच. लताना स्वीनी या संशोधिकेने २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून असेच गणित केले, तेव्हा जन्मतारीख, लिंग आणि तिथला पिनकोड यांवरून ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येतील असे तिला आढळले. २०१३ मध्ये १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. माणूस केव्हा कुठे होता याचे फक्त चार ठिपके माहीत असले, तर ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी काढता आली.

विन्स्टन खोलीच्या एका कोनाड्यात पडद्याच्या नजरेआड बसून रोजनिशी लिहितो. आपल्या खिशातल्या फोनला असा कोनाडा नाही.

कोणावर पाळत?

कादंबरीतल्या राज्यात ८५ टक्के जनता कष्टकऱ्यांची आहे. गंमत अशी, की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नाहीच. राज्यकर्त्यांना त्यांची भीती वाटत नाही. पाळत आहे ती पक्षाच्या सुशिक्षित सभासदांवर. म्हणूनच विन्स्टन थोडा मोकळा श्वास घ्यायला गरिबांच्या वस्तीत जातो.

आमच्या मते कादंबरीची ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि हिंदुस्थानात पोलिसी नोकरी केलेल्या लेखकाकडून ती राहावी याचे नवल वाटते. आपल्या देशाचा इतिहास नेमका उलटा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या आणि ठरल्या वेळी हजेरी देण्याची सक्ती झाली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली 'सेटलमेंट' महाराष्ट्राला ठाऊक आहे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. 'हजेरी' हा शब्द आपण शिक्षक रोज किती सहज उच्चारतो! काही घरांतल्या आजोबांना तो वेगळाच ऐकू येतो.

बोटांच्या ठशांची पद्धतही इथलीच. विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी सुरू झाली. ठशांच्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती. ही पद्धत इंग्लंडच्या पोलिसांनी उचलली ती १९०१ मध्ये, म्हणजे वसाहतीत वापरून झाल्यावर.

म्हणून नोंद म्हटली की अन्याय, असे मात्र आम्ही म्हणत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. जन्म-मृत्यूची नोंद नसती तर साथीचे रोग समजलेच नसते. लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये कॉलऱ्याच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, म्हणून दूषित पाण्याचा पंप सापडला. पण ज्याला रेशन, शिष्यवृत्ती, पेन्शन लागते, त्याला प्रत्येक दारात स्वतःची माहिती द्यावी लागते, आणि ज्याला यातले काही लागत नाही तो पुष्कळ गोष्टी राखून ठेवू शकतो. पाळतीचे ओझे सारखे वाटलेले नसते, हे '१९८४' वाचून कळत नाही.

दुकानदार आणि यंत्राची चूक

या कादंबरीत व्यापाराला जागा नाही, अशी टीका केली जाते. ती पूर्ण खरी नाही. विन्स्टन रोजनिशीची वही एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतो. पुढे त्याच दुकानावरची खोली भाड्याने घेतो, कारण तिथे टेलिस्क्रीन दिसत नाही. पडदा असतो, पण भिंतीवरच्या चित्रामागे. आणि तो गोड बोलणारा दुकानदार पोलिसांचाच माणूस निघतो.

आज नकाशा, पत्रव्यवहार, गाणी, खेळ सगळे फुकट मिळते. त्याची किंमत आपल्या सवयींच्या नोंदींनी चुकती होते आणि त्या नोंदींवर जाहिराती विकल्या जातात. ऑर्वेल यांचा दुकानदार वेश बदललेला पोलीस होता. आजचा दुकानदार खराखुरा दुकानदारच आहे, पण त्याच्या वहीत जे जमते ते सरकारलाही मागता येते. कादंबरीत भिंतीवर सक्तीने बसवलेला पडदा आपण हप्त्याने विकत घेतो आणि रात्री उशाशी ठेवतो.

आणखी एक फरक. कादंबरीतले विचार-पोलीस कधी चुकताना दिसत नाहीत. प्रत्यक्षातली यंत्रे चुकतात, आणि गणित असे आहे की ती पुष्कळ चुकतात. समजा एका स्थानकावरून दिवसाला १ लाख प्रवासी जातात आणि त्यांत पोलिसांना हवे असलेले १० जण आहेत. चेहरे ओळखणारे यंत्र १०० पैकी ९९ वेळा बरोबर सांगते. ते हवे असलेले जवळजवळ दहाही जण पकडेल. पण उरलेल्या ९९,९९० निरपराध माणसांपैकी १ टक्का, म्हणजे सुमारे १,००० जणांनाही ते गुन्हेगार ठरवेल. घंटा वाजली सुमारे १,०१० वेळा आणि खरी ठरली १० वेळा. '९९ टक्के अचूक' यंत्राने थांबवलेल्या दर १०० माणसांत ९९ निर्दोष! नववी-दहावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर सोडवायला द्यावे. टक्केवारी कशाची, हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.

लपवण्यासारखे काय आहे?

इथवर आले की हमखास एक प्रश्न येतो: "ज्याने काही वाईट केले नाही, त्याने कशाला घाबरायचे?"

याला उत्तर कादंबरीत आहे आणि ते अजूनही जुने झालेले नाही. विन्स्टन वहीत सुरुवातीला जे लिहितो त्यात गुन्हा म्हणावे असे काही नसते. ते अर्धवट, गोंधळलेले, खोडायच्या लायकीचे विचार असतात. माणसाला विचार करायला अशी कच्ची वही लागते. गणिताच्या कच्च्या कामाला आपण गुण कापत नाही. कापू लागलो तर मुले कच्चे काम करणेच सोडतील, आणि मग पक्केही येणार नाही. खासगीपण म्हणजे आयुष्याचे कच्चे काम करायची जागा. तिथे काही वाईट दडवलेले असावे लागत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा हा निकाल. तो हक्क अमर्याद नाही; पण त्यावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि बंधन गरजेपुरतेच हवे. २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असेही म्हटले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरली. मात्र सरकारला आपल्या संस्थांना या कायद्यातून सूट देण्याची मुभा आहे. पट्टीचे हे टोक ऑर्वेल यांनी आधीच दाखवून ठेवले आहे.

आपल्या टेबलावर

कादंबरीत पार्सन्स नावाचा एक भाबडा शेजारी आहे. त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकातून बापाचे झोपेतले बोलणे ऐकते आणि त्याला पकडून देते. मुलांना कोणी घडवले, हा प्रश्न तिथे शिक्षकाला टोचतो. आपल्याकडे मुले हेरगिरी करत नाहीत. मुलांच्या नोंदी मात्र होतात, आणि त्या आपल्या हातून होतात. जनरल रजिस्टर, यू-डायस, शिष्यवृत्तीची यादी, 'अपार' क्रमांकासाठी पालकांचे संमतिपत्र. वाचता न येणाऱ्या आईपुढे कागद सरकवून "इथे अंगठा करा" म्हणणारे आपणच असतो.

आमच्या परिचयाच्या एका शाळेत शिष्यवृत्तीची यादी पालकांच्या मोबाइल गटावर टाकली गेली. घाई होती, हेतू चांगला होता. यादीत नाव, जात, वडिलांचे उत्पन्न आणि बँक खात्याचा क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलीला तिच्या वडिलांच्या उत्पन्नाचा आकडा ओरडून सांगितला गेला. ती आठवडाभर शाळेत आली नाही. यादी अर्ध्या तासात काढून टाकली होती, पण ती तोवर कितीतरी फोनांत उतरली होती. इथे ना टेलिस्क्रीन होता, ना विचार-पोलीस. एक दमलेले शिक्षक होते आणि एक बटण होते. त्या शिक्षकांनी नंतर आम्हाला विचारले, "यात माझे काय चुकले, ते मला कोणी आधी शिकवले होते का?" त्यांचा प्रश्न बरोबर होता.

'१९८४' वाचावी, मुलांना वाचायला द्यावी. धाक माणसाच्या आत कसा शिरतो हे सांगणारे तिच्याइतके चांगले पुस्तक आमच्या माहितीत नाही. पण तीच एक पट्टी घेऊन बसलो तर आपण भिंतीवरचा क्रूर डोळा शोधत राहू आणि टेबलावरची यादी नजरेतून सुटेल.

म्हणून एक लहानसा उपक्रम सुचवतो. शाळेतला कोणताही एक छापील अर्ज घ्यावा. वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर बसून प्रत्येक रकान्यापुढे चार प्रश्न लिहावेत. ही माहिती कशासाठी हवी? ती कोण कोण पाहणार? किती दिवस ठेवणार? चुकली तर दुरुस्ती कोणाकडे मागायची? ज्या रकान्यापुढे पहिल्याच प्रश्नाला उत्तर सापडणार नाही, त्याखाली रेघ मारावी आणि ते रकाने मुख्याध्यापकांना दाखवावेत. वरून आलेला अर्ज आपण बदलू शकणार नाही, पण शाळेत केलेले निम्मे अर्ज आपणच केलेले असतात.